दुसरी चूड

श्रावणाचं कौतुक करायला माणसांची रीघ लागते. भाद्रपदाला कुणी विचारत नाही, आणि विचारावं असं त्याच्यात फारसं काही आहे असंही नाही. गणपती गेले की आमच्या खाडीकाठी नुसता उकाडा. पाऊस धड जात नाही आणि धड पडतही नाही. भात पोटरीत आलेलं असतं, चिखल तापतो, आणि खारफुटीतून असा वास सुटतो की बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आला की पितृपक्ष लागल्याचं कळतं. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं लागत नाही.

परवा बायच्या नातीचा मुंबईहून फोन आला. बाय म्हणजे माझी मोठी बहीण यमुना. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आता नाही ती. नातीला कॉलेजात कुणीतरी सांगितलंय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लढाईच्या आठवणी लिहून आणा. तिने विचारलं, मावशीआजी, पासष्टच्या लढाईत तुमच्याकडे बॉम्ब पडले का? मी म्हटलं, नाही गं बाई, एकही नाही. विमान तरी आलं का? आलं एकदा, पण ते आपलंच होतं आणि मुंबईला चाललं होतं. पोरीचा हिरमोड झाला. मग तिने तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तिला सांगितलं ते खरंच होतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, आगरदांड्याच्या मोठ्या खाडीला आत जो एक अरुंद फाटा फुटतो, त्याच्या काठावरच्या आमच्या गावावर कुणी बॉम्ब कशाला टाकेल? टाकला असता तर त्याचंच नुकसान झालं असतं. गावात पन्नास-साठ घरं, एक शाळा, एक दवाखाना. वीज आली नव्हती. तरी तालुक्याहून हुकूम आला, रात्री उजेड दिसता कामा नये. मुळात उजेड होता कुठे? घरटी एक रॉकेलची चिमणी, वाण्याकडे एक पेट्रोमॅक्स, आणि तोही गिऱ्हाईक आलं तरच पेटायचा. पण हुकूम तो हुकूम. लोकांनी दिवसाउजेडी जेवणं उरकायला सुरुवात केली. पाच वाजता जेवलेली पोरं आठ वाजता पुन्हा भूक भूक करायची आणि अंधारात चाचपडत पेज प्यायची.

आमचे गुरुजी मात्र या लढाईने दहा वर्षांनी तरुण झाले. एरवी पाढे ऐकता ऐकता डुलकी घेणारे गुरुजी सकाळी सातला शाळेच्या अंगणात हजर. त्यांनी आम्हाला शिकवलं की विमानाचा आवाज आला की पालथं पडायचं, कानात बोटं घालायची, दातांत रुमाल धरायचा. रुमाल कुणाकडेच नव्हता. मुलींनी पदर नाहीतर परकराचा घोळ धरला, मुलांनी सदऱ्याची कॉलर. मग गुरुजींनी खंदक खणायला घेतला. भाद्रपदात खाडीकाठची जमीन, दोन हात खणलं की खालून पाणी. दुसऱ्या दिवशी खंदकात बेडूक आणि तिसऱ्या दिवशी वाण्याची म्हैस. ती बाहेर यायला तयार होईना. तिला काढता काढता अर्ध्या गावाच्या नाकी नऊ आले, आणि खंदकाचा विषय तिथेच मिटला.

मुंबईला जाणारं ते विमान आलं तेव्हा आम्ही मधल्या सुट्टीत होतो. सगळे पालथे पडलो. माझ्या तोंडाशी तेरड्याचं झाड होतं आणि पाठीवर ऊन. भीती वाटली का, असं विचाराल तर खरं सांगते, नाही वाटली. मजा वाटली. दहा वर्षांच्या पोरीला लढाई म्हणजे शाळा लवकर सुटणं आणि मोठी माणसं पोरांसारखी वागताना बघायला मिळणं. लढाई आपल्या घरात शिरू शकते हे मला ठाऊकच नव्हतं, आणि ती दारातून शिरली ती माझ्याच तोंडून.

त्यासाठी आधी चुडीचं सांगायला हवं. माझे बाबा तर चालवायचे. म्हणजे या काठावरची माणसं होडीने त्या काठावर सोडायची आणि तिकडची इकडे आणायची. दिघी-आगरदांड्याच्या तरीपुढे आमची तर म्हणजे गंमतच, वल्हं मारत दहा मिनिटांत पैलतीर. पण बाजार, शाळा, दवाखान्यातली नर्सबाई, मुरुडला जायची वाट, सगळं आमच्या काठावर. पलीकडे नुसती शेतकऱ्यांची वाडी, आणि होडी हाकणारं तिथे कुणी नाही. दिवसा पलीकडून कुणाला यायचं असलं की ते धोतर नाहीतर लुगडं हलवायचे. अंधार पडल्यावर चूड पेटवायचे. सुक्या झावळीचा जुडगा करायचा, टोकाला पेटवायचा आणि काठावर उभं राहून हलवायचा.

एक चूड म्हणजे उतारू. बाबा जेवण आटोपून, विडी ओढून, सवडीने निघायचे, आणि फारच उशीर झाला असला तर त्या माणसाला सकाळपर्यंत थांबवायचे. दोन चुडी शेजारी शेजारी दिसल्या तर मात्र आजारपण किंवा बाळंतपण. तेव्हा भरलं ताट सोडून उठायचं. दुसरी चूड नेहमी पहिलीवरच पेटवत, कारण पावसाळी हवेत काडी पेटायची मारामार. म्हणून बाबांनी आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की एक दिसली की लगेच आत येऊन सांगायचं नाही. विडी पेटवायला लागतो तेवढा वेळ थांबायचं. दुसरी पेटते का बघायचं. मग सांगायचं. हे मला पाढ्यांच्या आधीपासून येत होतं.

बाय पलीकडच्याच वाडीत दिलेली. घर अगदी खाडीला लागून. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. गणपती झाले की तिला आणायची असं आईने मनाशी धरलं होतं, पण बायची सासू म्हणाली, गौरी-गणपतीत घरची सून हलवायची नाही. गणपती होतात तो पितृपक्ष लागला. आता पितृपक्षात तर नाहीच नाही. सासू वाईट नव्हती, पण रीतीला पक्की. घट बसले की न्या, तोवर आठवा सरून नववा लागेल, असं तिने कळवलं. आईने ऐकून घेतलं. मुलीची आई म्हटल्यावर दुसरं काय करणार? पण रोज तिन्हीसांजेला ती दारात येऊन पलीकडे बघत उभी राहायची. जीव टांगणीला लागलेला. मला ते तेव्हा दिसत होतं, कळत नव्हतं.

कारण मी माझ्याच तोऱ्यात होते. गावात भोंगा नव्हता. गुरुजींनी आम्हा चौथीच्या पोरांचं पथक काढलं. अंधार पडला की गल्लीतून फिरायचं, कुठे उजेड दिसला की ओरडायचं, "दिवा मालवा हो, दिवा मालवा." आणि सगळ्यांत पुढे मी. माझा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. एरवी त्या आवाजासाठी शिव्या खाल्ल्या होत्या. आता गुरुजींनी चारचौघांत सांगितलं की हाच आपल्या गावाचा भोंगा. मला आकाश ठेंगणं झालं. घरी आई म्हणाली, पोरी, घसा फाटेल. मी ऐकते कुठली. वाण्याच्या म्हातारीने देवापुढे निरांजन लावलं, तर मी तिला ते पातेल्याखाली झाकायला लावलं. म्हातारीने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी दशमी असावी, कारण भरती तिन्हीसांजेची होती. खाडी काठोकाठ. वारा पडलेला. चंद्र उगवायला मध्यरात्र होणार होती, त्यामुळे काळोख मिट्ट. आमचं पथक धक्क्याच्या तोंडाशी आलं होतं. बाबा घरात काळोखात जेवत होते.

पलीकडे चूड पेटली.

ती पहिल्यांदा मी बघितली. ती चूड आहे हे मला कळलं. थांबायचं असतं, हेही मला ठाऊक होतं. उगाच कशाला खोटं बोलू, पोर होते, समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. गावातल्या इतर पोरांना ती सोय आहे. मी तरवाल्याची मुलगी. पण इतके दिवस वाती आणि चिमण्या शोधल्यावर एवढा मोठा, उघड्यावर हलणारा जाळ दिसला, आणि माझ्या घशात आवाज आधीच तयार होता. मी ओरडले, "मालवाऽ, मालवाऽ." माझ्यामागून पथक ओरडलं. मग घराघरांतून माणसं बाहेर आली आणि तीही ओरडायला लागली. पंधरा-वीस जणं काठावर उभी राहून एका चुडीला दम देत होती. पाण्यावरून आवाज जातो. चूड खाली गेली आणि विझली.

बाबा हात न धुता बाहेर आले. त्यांना समोर नुसता काळोख दिसला. त्यांनी मला विचारलं, "एक होती की दोन?"

मी म्हटलं, "एक."

ते खरंच होतं. बाबा थोडा वेळ उभे राहिले, म्हणाले, कुणी उतारू असेल, आता पहाटेच बघू. आईने विचारलं, जाऊन येता का एकदा? बाबा म्हणाले, एकच होती ना. तरी त्यांना चैन पडेना. नऊच्या सुमारास पुन्हा धक्क्यावर गेले, तर ओहोटी लागलेली. आणखी थोड्या वेळात होडी चिखलात बसली. मग सकाळच्या पाण्याची वाट बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

उजाडताना पाणी चढलं तसे बाबा गेले. काठावर भावोजी उभे होते, म्हणजे बायचे यजमान. बाबांना बघून ते नुसते घराकडे वळले. दिवस भरायच्या आधीच, दुपारपासून कळा येत होत्या. वाडीतल्या सुईणीने तिन्हीसांजेला सांगितलं की मूल पायाकडून येतंय, माझ्या हातचं नाही, नर्सबाईला आणा. म्हणून भावोजींनी चूड पेटवली. इकडून आरडाओरडा झाला, वाडीचा पोलीस पाटील धावत आला, चूड मालवली. पहाटे मुलगा झाला तो गेलेलाच. बाय वाचली. नर्सबाईला बाबांनी लगेच नेलं, तिने बायला औषध दिलं आणि सांगितलं की मला रात्री आणलं असतं तर बघता आलं असतं. बघता आलं असतं, एवढंच म्हणाली. मूल वाचलं असतं असं ती म्हणाली नाही. पण मी ते तसंच ऐकलं, आणि जन्मभर तसंच ऐकत आले.

लढाई त्यानंतर चार-पाच दिवसांत थांबली. गुरुजींनी शाळेत साखर वाटली. मी माझी चिमूट घेतली आणि खाल्लीसुद्धा.

मूल गेलं त्याची कारणं ज्याने त्याने आपापली लावली. सासू म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात असंच व्हायचं. गाव म्हणालं, लढाईचा काळ. गुरुजी आमच्या घरी येऊन बसले, चहा न घेता गेले आणि पथक मोडलं. बाबांनी घरात विचारलं की पहिल्यांदा कोण ओरडलं? आई म्हणाली, सगळेच ओरडत होते. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तर बंद होईपर्यंत बाबा एका चुडीलाही ताटावरून उठायचे. कुणी मिठाच्या पुडीसाठी चूड पेटवली तरी उठायचे. पलीकडची माणसं त्याचा फायदा घेतात असं आई कुरकुरायची, तर ते म्हणायचे, घेऊ दे. आपण एकीला गेलो नाही हे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते ओझं थोडं तरी उतरलं असतं. मी उघडलं नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

घट बसल्यावर बायला माहेरी आणली. रिकाम्या हाताने. आईने तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलं होतं, आणि ती सारखं सारखं ते बदलायची. मला कुणी काही सांगितलं नाही, पण फडकी खाडीवर धुवायला मीच न्यायचे, तेव्हा दुधाचा वास यायचा. बाय रात्री मला कुशीत घेऊन झोपायची, पूर्वीसारखीच. लहानपणी आई शेतावर गेली की मला तिनेच सांभाळलेलं. मी अंग चोरून पडायचे. ती म्हणायची, काय गं, मोठी झालीस का एवढ्यात?

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. बायला दोन मुलगे झाले, नाती-नातू झाले. मी शिक्षिका झाले आणि पस्तीस वर्षं पोरांवर ओरडले. तेव्हा या आवाजाचा उपयोग झाला. खाडीवर पूल आला, तर बंद झाली, बाबांची होडी काठावर कुजून गेली. चूड म्हणजे काय हे आता पलीकडच्या वाडीतल्या पोरांनाही सांगावं लागतं. एका परीने बरंच झालं. फोन केला की गाडी दारात येते, एक की दोन असा प्रश्न कुणाला पडत नाही.

पण दर वर्षी हा महिना येतो. चिखल तापला की माझी झोप उडते. पेन्शनीत निघाल्यावर तर जास्तच, कारण दुपार मोकळी असते. बायला सांगावं, सांगावं असं करत मी पन्नासहून जास्त वर्षं काढली. कधी तिचा मुलगा आजारी, कधी माझी बदली. कधी वाटायचं की तिने जखम भरून काढलीय, मी कशाला खपली काढू? खरं कारण एकच होतं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली असती तर मला सोसलं नसतं.

सात-आठ वर्षांपूर्वी, याच दिवसांत, ती माझ्याकडे राहायला आली होती. भावोजी त्याआधीच गेले होते. दुपारी आम्ही दोघी पडवीत सुकट निवडत बसलो होतो. ती सुनेबद्दल काहीतरी सांगत होती, आणि मी मधेच बोलून गेले. म्हटलं, "बाय, त्या दिवशीची तुमची चूड पहिल्यांदा मी बघितली. मालवा म्हणून पहिली मी ओरडले. थांबले असते तर दुसरी दिसली असती."

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "ठाव हाय मना. तुझा आवाज मी वळकणार न्हाय?"

इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं ती मला दिवाळीला लुगडं पाठवत होती. तिने सुकटीची आणखी एक मूठ सुपात घेतली. मला वाटलं, झालं, एवढंच.

मग तिने सूप बाजूला ठेवलं. "दुसरी चूड यांच्या हातात व्हती, सुमे. हे म्हणत व्हते, हुकूम गेला खड्ड्यात, पाटलाला काय करायचा तो करू दे, मी पेटवतो. मीच आतून नको म्हटला. म्हटला, आमच्या सुमीनं बघितलीय चूड. हुकूम हाय म्हणून मालवा बोलतेय, पण बघितलीय तिनं. आता बाबा निघाले असतील. कशाला उगाच शिव्या खाता? तेवढ्या कळांत पण मना बरा वाटला, तुझा आवाज आला म्हणून. ओहोटी लागली तवा समजला, कोन येत न्हाय."

मी विचारलं, हे तू कधी कुणाला बोलली का नाहीस? आईला तरी?

"कुनाला बोलू? आईच्या कानावरून तुझ्या कानावर गेला असता," ती म्हणाली, "आन् तू सोताला लावून घेतला असतास. दहा वर्षांची पोर तू."

मी रडले. त्या पडवीत, साठी ओलांडलेली बाई, सुकटीचा हात तसाच डोळ्याला लावून रडले. तिने मला रडू दिलं. मग पदराने माझं तोंड पुसलं, आणि म्हणाली, पोराचं नाव मी ठेवलं होतं, तुला सांगू का?